घर फोडलं, राडारोडा कुठे गेला?

दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकालगत सिमेंटच्या जुन्या गोण्यांची रांग दिसू लागते. आत फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, एखादे दुभंगलेले कमोड असे काहीबाही भरलेले असते. पुण्यात याला राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. दोन-तीन दिवस रांग तशीच राहते, सोसायटीचे सचिव दोनदा फोन करतात, मग एका रात्री टेम्पो येतो आणि फाटक मोकळे होते. टेम्पो पुढे कुठे जातो, हे घरमालक विचारत नाही. विचारलेच तर ठेकेदार ‘डेपोत जातो’ एवढेच सांगतो.

हे उत्तर बहुतेक वेळा खोटे असते. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत घरदुरुस्तीचा राडारोडा कचरा डेपोत जाणे अपेक्षितच नाही. कायद्याने त्याची वाट वेगळी आखून दिली आहे. ती वाट मोठ्या बांधकामांना बऱ्यापैकी रुंद आहे; टू बीएचकेचे स्वयंपाकघर बदलणाऱ्याला मात्र ती सापडतच नाही. या लेखाचा विषय हाच: छोट्या घराचा छोटा राडारोडा, आणि त्याच्या जागेचा मोठा घोळ.

आधी ‘छोटा’ म्हणजे किती ते पाहू, कारण गफलतीची सुरुवात इथूनच होते. शंभर चौरस फुटांच्या स्वयंपाकघराची फरशी उखडली, तर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून साधारण अडीच इंचांचा थर निघतो. त्याचे वजन टनाच्या पुढे जाते. गोणीत तीस-पस्तीस किलो धरले, तरी तीसेक गोण्या झाल्या. एका गोणीत त्याहून जास्त वजन कोणी भरत नाही, कारण बिगाऱ्याला ती डोक्यावरून जिना उतरवायची असते. लिफ्ट वापरू द्यायला सोसायटी तयार नसते. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली दहा बाय दहाची चार इंची भिंत पाडली, की दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह आणखी दोन टन. ओट्याचा कडप्पा, बाथरूमच्या भिंतींवरच्या टाइल्स, जुनी मोरी यांची गणती अजून झालेलीच नाही. म्हणजे ‘थोडंसं काम काढलंय’ असे म्हणणाऱ्या घरातून एका महिन्यात चार-पाच टन माल सहज खाली उतरतो. त्याच घराचा रोजचा ओला-सुका कचरा तेवढा व्हायला काही वर्षे लागतील.

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून मुंबई महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेकडे पाहावे. फोन करा, नाहीतर अ‍ॅपवर नोंदवा, पालिकेची गाडी येऊन माल घेऊन जाईल, अशी ही योजना. सेवा जुनीच आहे, अलीकडे तिला नव्याने गती दिली गेली आणि ५०० किलोपर्यंतचा माल मोफत उचलण्याची सोय झाली. पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण ५०० किलो म्हणजे वर मोजलेल्या स्वयंपाकघराची निम्मी फरशी. उरलेल्या मालासाठी पैसे मोजायचे, गाडी येईपर्यंत गोण्या कुठेतरी ठेवायच्या आणि तोवर सोसायटीची बोलणी खायची. ठेकेदार यातला कोणताच ताप देत नाही. त्याच्या कोटेशनमध्ये ‘डेब्रिज रिमूव्हल’ अशी एक ओळ असते, तिच्यापुढे ठोक रक्कम असते, आणि घरमालक तिच्याकडे मजुरीचाच एक भाग म्हणून पाहतो.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नवल वाटते, कारण तिकडे हे काम त्यांना स्वतः करावे लागते. शनिवारी सकाळी गाडीच्या डिकीत जुनी फरशी आणि तुटके कपाट घालायचे, कौन्सिलच्या केंद्रावर रांग लावायची आणि लाकूड, धातू, दगडविटा, रंगाचे डबे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये आपल्या हाताने टाकायचे. इंग्लंडमध्ये काही कौन्सिल घरगुती दुरुस्तीच्या मालावर शुल्क घेत. २०२३ च्या अखेरीस सरकारने ते बंद केले: एका खेपेला ५० लिटरच्या दोन पिशव्या आणि चार आठवड्यांत चार खेपा, एवढ्याला पैसे नाहीत. ही मर्यादाही तोकडीच आहे, आणि तिकडेही रात्री शेताच्या कडेला माल ओतून पळणारे आहेतच. फरक इतकाच की माणसाला केंद्र कुठे आहे ते ठाऊक असते, कारण तो तिथे जाऊन आलेला असतो. आपल्याकडे मजूर स्वस्त आहे, म्हणून ओझ्याबरोबर जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर देऊन मोकळे होता येते.

आता गोणीत काय असते आणि काय नसते, ते पाहायला हवे. नसते ते जास्त बोलके आहे. भिंत फुटायच्या आधीच भंगारवाल्याची एक फेरी होऊन गेलेली असते. लोखंडी ग्रिल, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, जीआय पाइप, तांब्याच्या वायरी घराबाहेर पडतात त्या वजनावर विकल्या जातात. सागवानी चौकट निघाली तर तिला गिऱ्हाईक तयार असते. पुण्यातले वाडे पाडले गेले तेव्हा तुळया, खांब, कोरीव दारे यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत अशा कितीतरी घरांचे अवशेष पॉलिश होऊन पुन्हा उभे आहेत. जुनी वीट चुन्यात बांधलेली असेल तर सुटी करून, टवके काढून परत वापरता येते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटत नाही, ती फुटते. आपली भंगाराची साखळी ही बारीक चाळणी आहे: किंमत असलेला कण तिच्यातून सहसा निसटत नाही. खाली उरते ते ज्याला कोणीही पैसे देत नाही ते, आणि त्यालाच आपण राडारोडा म्हणतो.

या उरलेल्या मालातला बहुतांश भाग तसा निरुपद्रवी असतो. वीट, वाळू, दगड, सिमेंट कुजत नाहीत, त्यांचा वास येत नाही, त्यांच्यावर माश्या बसत नाहीत. अडचण करतात ती त्यांच्या संगतीने जाणारी माणसाळलेली विषे. खोटे छत म्हणून लावलेले पीओपी हे त्याचे चांगले उदाहरण. ते जिप्समपासून बनते. कोरड्या जागी पडले तर नुसती धूळ. पण ओल्या कचऱ्याच्या ढिगात, जिथे हवा पोचत नाही अशा ठिकाणी ते गाडले गेले, तर त्यातल्या सल्फेटवर जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. पीओपी काँक्रीटच्या चुऱ्यात मिसळले, तर त्या चुऱ्यापासून नवे काँक्रीट करणे धोक्याचे ठरते, कारण सल्फेट सिमेंटला आतून फुगवते. म्हणजे पीओपी ना डेपोच्या कामाचे, ना प्रक्रिया केंद्राच्या. तरीही ते विटांच्याच गोणीत जाते, कारण गोण्या भरणाऱ्याला वेगळे काढायला कोणी सांगितलेले नसते.

तीच गोष्ट अर्धवट रंगाच्या डब्यांची, थिनरची, फुटलेल्या ट्यूबलाइटची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा वस्तूंना घरगुती घातक कचरा ठरवले आणि दर वीस चौरस किलोमीटरला त्यांच्यासाठी एक संकलन केंद्र असावे असे म्हटले. आपल्या घराजवळचे असे केंद्र कोणते, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारून पाहावा. जुन्या चाळींचे आणि बैठ्या घरांचे छप्पर उतरते तेव्हा सिमेंटचे पत्रे निघतात, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. हातोड्याने तुकडे करताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात आणि कर्करोगाला कारण होतात. पत्रे काढणारा मजूर तोंडाला रुमाल बांधतो. त्या रुमालाने तंतू अडत नाहीत.

डेपोचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण ‘डेपोत टाकतो’ हे वाक्य त्या इतिहासावरच जगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचा कचरा रेल्वेने चेंबूरकडच्या पाणथळीत नेला जाई. देवनारचे क्षेपणभूमी म्हणून काम १९२७ पासून चालू आहे, मुलुंडची क्षेपणभूमी साठच्या दशकातली. या दोन्ही ठिकाणी आणि गोराईत दशकानुदशके सगळे काही एकत्र ओतले गेले: भाजीचा पाला, प्लास्टिक, मेलेली जनावरे, गाळ, डेब्रिज. डेब्रिजला तिथे कामही होते. कचऱ्याच्या मऊ ढिगावरून डंपर नेण्यासाठी रस्ता लागतो, तो फुटक्या विटांचाच व्हायचा. रोजचा कचरा झाकायला कोरडा थर लागतो, तोही त्याचाच. म्हणून डेपोत डेब्रिज म्हणजे शुद्ध उपद्रव, असे म्हणणे बरोबर नाही. ठरावीक प्रमाणात, वेगळे आणि स्वच्छ आले तर डेपो चालवणाऱ्याला ते हवेच असते.

पण तसे ते येत नसे. जागा संपत आल्या, तसा एकेक टन डोळ्यांत भरू लागला. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देऊ नयेत, असा आदेश दिला; जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला त्यातून वगळले होते. बांधकाम व्यवसाय हादरला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर दिलासा दिला, आणि त्यातली कळीची अट डेब्रिजबद्दल होती: ते देवनार-मुलुंडला न्यायचे नाही, ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी न्यायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलुंडला कचरा टाकणे थांबले. गोराई २००७ मध्येच बंद होऊन पुढे शास्त्रीय पद्धतीने झाकली गेली होती. शहराचा बहुतेक कचरा घेणाऱ्या कांजूरमार्गच्या जागेला मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने संरक्षित वन ठरवले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. देवनारचा सुमारे १ कोटी ८५ लाख टनांचा ढीग उपसायचे काम आता निघाले आहे, कारण तिथली जवळपास १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी ठरली आहे. हे उपसणे म्हणजे बायोमायनिंग: ढीग खणायचा, फिरत्या चाळण्यांतून काढायचा, प्लास्टिक-कापड सिमेंटच्या भट्ट्यांना जाळायला द्यायचे, बारीक माती वेगळी करायची आणि दगड-विटा भरावाला पाठवायच्या. आपल्या आजोबांनी मोरी बदलली असेल, तर तिच्या विटा कदाचित आत्ता बाहेर पडत असतील, आणि आपण तेव्हा फुकट टाकलेला माल वाहून नेण्याचे भाडे आज करातून भरतो आहोत.

पुण्याची कथा गावांच्या अंगाने सांगावी लागते. कोथरूडचा कचरा डेपो शहर अंगावर येताच नकोसा झाला. तिथे आज मेट्रोचा डेपो आहे. नव्वदच्या दशकापासून कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळला. सुमारे १६३ एकरांवर ढीग उभे राहिले, विहिरींचे पाणी बिघडले, आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवण्याची आंदोलने इतक्या वेळा केली की पुणेकरांना त्यांची सवय झाली. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत आली, २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. दरम्यान पुण्याने राडारोड्यासाठी वाघोलीला स्वतंत्र प्रक्रिया केंद्र काढले, पिंपरी-चिंचवडने मोशीला. छत्रपती संभाजीनगरात नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये डेपो बंद पाडला, तेव्हा शहरात कचरा साचून दंगलीपर्यंत वेळ आली. कल्याणची आधारवाडी २०२१ मध्ये बंद झाली. गोव्यात मडगावचा सोनसोडो डेपो कित्येक वर्षे निवडणुकीचा विषय आहे. एका पिढीत ‘डेपो’ ही गोष्ट सगळीकडे अवघड झाली. अशा ठिकाणी कोणी आपला टेम्पो घेऊन ‘दोन टन विटा आहेत, कुठे टाकू?’ असे विचारत गेला, तर वजनकाट्यावरूनच परत पाठवला जाईल.

मग नियम काय म्हणतात? मुंबईने २००६ मध्येच बांधकामाचा राडारोडा आणि गाळ यांच्यासाठी स्वतःचे नियम केले होते. देशपातळीवरचे नियम २९ मार्च २०१६ चे. त्यांनी राडारोड्याला घनकचऱ्यापासून वेगळे काढले, दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना प्रक्रियेची सोय करायला दीड वर्ष दिले, लहान शहरांना थोडे जास्त. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन माल काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-माल आणि लाकूड-लोखंड-प्लास्टिक असे चार भाग करून, आधी आराखडा मंजूर करून घ्यावा, असेही सांगितले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे २०२५ चे नवे नियम आणखी पुढे जातात आणि राडारोड्याच्या पुनर्वापराचे ठरावीक लक्ष्य थेट बांधकाम करणाऱ्यावर टाकतात. मात्र ही जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे.

म्हणजे नियम जसजसे कडक झाले तसतशी त्यांची नजर वर गेली. यात तर्क आहे. मोठा बिल्डर पकडायला सोपा, त्याची परवानगी अडवता येते. घरदुरुस्तीला पालिकेची परवानगी बहुधा लागतच नाही, लागते ती सोसायटीची एनओसी. तिथे डिपॉझिट घेतले जाते, आवाजाच्या वेळा ठरतात, लिफ्टचा वाद होतो, पण माल कुठे जाणार हे सांगणारा रकाना त्या अर्जात मी अजून पाहिलेला नाही. साधा कागदाचा रकाना. तो घालायला कोणत्या न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

आता टेम्पोकडे येऊ. ओळखीच्या एका घराचे काम चालू असताना टेम्पोवाल्याला मी विचारले होते, ‘माल कुठे टाकणार?’ तो म्हणाला, ‘भरणी आहे ना एक. साहेब, मालाला मागणी आहे, तुम्ही कशाला टेन्शन घेता?’ तो खोटे बोलत नव्हता. शहराच्या कडेला खोलगट प्लॉट असतो, जुनी खाण असते, ओढ्याकाठचे शेत असते. तिथे शेड बांधायचे, गाळे काढायचे किंवा नुसते जमीन वर आणायचे घाटत असते. मुरुमाचे ब्रासमागे पैसे पडतात, राडारोडा फुकटात येतो. टेम्पोवाल्याला घरमालकाकडून भाडे मिळते. भरणी जवळ असेल तर डिझेल वाचते, आणि त्या वाचलेल्या डिझेलवरच त्याचा नफा. वाघोलीचे किंवा मुंबईसाठीचे शिळफाट्याचे प्रक्रिया केंद्र वीस-पंचवीस किलोमीटर लांब असेल, वाटेत वाहतुकीची कोंडी असेल आणि तिथे पोचल्यावर उलट शुल्क द्यावे लागणार असेल, तर तो तिकडे का जाईल? हा प्रश्न नीतीचा नाही, अंतराचा आणि दराचा आहे. तो सोडवल्याशिवाय दंड करणारे मार्शल नेमणे म्हणजे रस्त्यावर ओतणाऱ्याला भरणीत ओतायला लावणे. पावत्या फाडल्या जातात, माल फक्त जागा बदलतो.

भरणी वैध असती तरी एकवेळ चालले असते. पण मुंबई-ठाण्यात सखल जागा म्हणजे बहुतेकदा खाडीकाठ, आणि खाडीकाठ म्हणजे कांदळवन. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला आणि त्यात भराव घालायला मनाई केली, २०१८ च्या अंतिम निकालात भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव ठरवला. झाड तोडले तर दिसते. भरतीचे पाणी येणारी वाट डेब्रिजने बुजवली, तर झाडे आपोआप वाळतात आणि काही वर्षांनी ‘इथे कांदळवन कधी नव्हतेच’ असे म्हणायला जागा होते. हा राडारोड्याचा खरा उपयोग आहे, आणि त्यापायी त्याची मागणी आहे. पुण्यात तेच नदीपात्राच्या आणि ओढ्यांच्या बाबतीत घडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीचे पात्र किती आक्रसले होते ते सगळ्यांना दिसले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा घरांत शिरला. दोन्ही आपत्तींना कारणे अनेक होती, सगळा दोष डेब्रिजच्या माथी मारणे अन्याय्य आहे. पण पात्र अरुंद करण्यासाठी मातीइतकेच स्वस्त साधन लागते, आणि ते आपल्या बाथरूममधून पुरवले जाते.

प्रक्रिया केंद्रात माल पोचला तर तिथे होते तरी काय? वजनकाट्यानंतर पहिले काम हाताने आणि चुंबकाने वेचण्याचे: लाकूड, प्लास्टिक, सळया बाहेर. मग जबड्यासारखा क्रशर, चाळण्या, पाण्याने धुणे. बाहेर पडते ती वेगवेगळ्या जाडीची खडी आणि वाळू. त्यांपासून पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे कर्ब स्टोन, विटा बनतात. मुंबईसाठी अशी दोन केंद्रे आहेत, दहिसरला कोकणीपाडा आणि शिळफाट्याजवळ डायघर, प्रत्येकी दिवसाला ६०० टन क्षमतेची. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असे केंद्र चालू आहे. नवी मुंबईत तर सिडको आणि ‘युवा’ या संस्थेने २००२ च्या सुमारास, म्हणजे कोणताही देशव्यापी नियम नसताना, डेब्रिजपासून विटा करून दाखवल्या होत्या. तो प्रयोग पुढे बंद पडला. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते विकणे.

भारतीय मानक आयएस ३८३ ने २०१६ मध्ये पुनर्वापराच्या खडीला मान्यता दिली. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि कमी ताकदीच्या, पायाखाली घालायच्या काँक्रीटमध्ये पूर्णही चालते. २०१६ च्या नियमांनी सरकारी कामांत १० ते २० टक्के असा माल वापरायला सांगितले. तरीही पालिकेच्याच फुटपाथच्या निविदांत तो सहसा सक्तीने मागितला जात नाही, आणि खाणीतली ताजी खडी भावात फार वर नसल्याने खासगी ठेकेदार वळत नाही. बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या अंदाजाने देशात वर्षाला १५ कोटी टन राडारोडा निघतो. ‘विज्ञान आणि पर्यावरण केंद्र’ (सीएसई) या संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पुनर्प्रक्रियेची अधिकृत क्षमता त्याच्या एक टक्क्याच्या आसपास होती. २०१७ पर्यंत ५३ शहरांत केंद्रे अपेक्षित असताना प्रत्यक्षात १३ शहरांत झाली होती. त्यानंतर केंद्रे वाढली आहेत. पण घरातल्या पीओपी-मिश्रित गोण्यांतून चांगली खडी निघत नाही, म्हणून केंद्राला बिल्डरचा स्वच्छ काँक्रीटचा माल हवा असतो. छोटा माल तिथेही नावडताच.

ब्रिटनने १९९६ मध्ये जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर कर लावला, आणि त्यात एक शहाणपण केले: माती-विटांसारख्या निष्क्रिय मालाला अगदी कमी दर, बाकी सगळ्याला जास्त. सुरुवातीला हे दर टनाला २ आणि ७ पौंड होते, आता चढा दर सव्वाशे पौंडांच्या पुढे आहे. एका गोणीत पीओपी आणि प्लास्टिक घातले की विटांनाही चढा दर लागतो, म्हणून वेगळे करण्याला लगेच किंमत येते. त्याबरोबर चोरट्या ओतणाऱ्यांचे आणि खोटी वर्गवारी करणाऱ्यांचे टोळके तयार झाले, ही दुसरी बाजू. महाराष्ट्रात असा कर लगेच लावा असे मी म्हणणार नाही. वजनकाटे आणि जागाच नसताना कर म्हणजे भरणीवाल्याला बक्षीस. पण दरातला फरक हे शिस्तीचे साधन आहे, हे त्यातून घेण्यासारखे.

आपल्याकडे पहिली गरज मोठ्या केंद्राची नाही. प्रत्येक वॉर्डात किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक कुंपण घातलेली जागा हवी, जिथे छोटा हत्ती सकाळी सात ते रात्री नऊ कधीही येईल, विटा-काँक्रीटची वेगळी केलेली गोणी फुकट उतरवेल, मिसळलेल्या गोणीला पैसे देईल आणि छापील पावती घेऊन जाईल. तिथून मोठ्या डंपरने केंद्रापर्यंत नेण्याचे काम पालिकेचे. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदारचा सुका कचरा ज्या निगुतीने वेगळा करतात, तशी वेगळे करण्याची मजुरी इथेही देता येईल, राडारोडा उचलणे मात्र त्यांच्यावर ढकलू नये, ते त्यांचे काम नाही आणि गोणीतल्या काचांनी हात कापतात ते त्यांचेच. जागा कुठून आणायची, असा प्रश्न लगेच येतो. उड्डाणपुलांखाली जप्त केलेल्या गाड्या गंजत पडतात, तेवढी जागा पुरते. धुळीचा आक्षेप खरा आहे: नोव्हेंबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने मुंबईत काही दिवस डेब्रिजच्या वाहतुकीवरच बंदी घातली होती. त्यावर पाण्याचा फवारा आणि ताडपत्री हे उत्तर आहे, माल रात्री गुपचूप नाल्यात नेणे हे नव्हे.

हे होईपर्यंत घरमालकाच्या हातात काही गोष्टी आहेत, आणि त्या काम सुरू होण्याआधी करायच्या आहेत. काम निघायच्या आठवडाभर आधी पालिकेच्या सेवेवर नोंदणी करावी. पीओपी, रंगाचे डबे, ट्यूब आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे यांच्या गोण्या वेगळ्या ठेवायला ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगावे. पत्रे फोडू देऊ नयेत, अखंड उतरवावेत. कोटेशनमधल्या ‘डेब्रिज रिमूव्हल’ या ओळीपुढे रकमेबरोबर जागेचे नाव लिहून घ्यावे. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी एनओसीच्या अर्जात तोच रकाना घालावा आणि डिपॉझिट परत देताना केंद्राची वजनपावती मागावी. ठेकेदार म्हणेल, पावतीबिवती कोणी देत नाही. वाघोली, मोशी, दहिसर, डायघर, सगळीकडे वजनकाटा आहे आणि काट्यावर पावती मिळते. ती हातात येईपर्यंत त्याचा शेवटचा हप्ता देऊ नका.